चित्रातल्या खुणा आणि त्यांचे अर्थ : वाचकांचे प्रश्न

युरोपातील पंधराव्या ते सतराव्या शतकांतील चित्रांमध्ये दिसणाऱ्या वस्तू, प्राणी, फुले आणि रंग यांच्या अर्थांविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : जुन्या चित्रकारांनी आपल्या चित्रांत गुप्त अर्थ दडवून ठेवले, असे नेहमी वाचनात येते. ते कोणापासून लपवले जात होते, आणि का?

उत्तर : बहुतेक वेळा ते कोणापासूनच लपवलेले नव्हते. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपांनी आपल्या चर्चमधील चित्रे आणि मूर्ती नष्ट केल्या, तेव्हा पोप पहिले ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून कानउघाडणी केली. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना पुस्तकात जे वाचता येत नाही ते भिंतीवर पाहून तरी वाचता यावे, असा त्या पत्राचा आशय होता. चर्चमधील चित्रांची सारी भाषा या अपेक्षेवर उभी राहिली. संतांच्या दाढ्या, झगे आणि चेहरे पुष्कळदा एकसारखे असतात, म्हणून प्रत्येकाच्या हातात त्याची ओळख दिली जाई. संत पीटरकडे किल्ल्या असतात, संत कॅथरिनजवळ मोडलेले चाक असते, संत लॉरेन्सजवळ लोखंडी जाळी असते आणि संत ल्युसी स्वतःचे डोळे तबकात घेऊन उभी असते. यांतील बहुतेक वस्तू त्या त्या संताचा ज्या साधनाने छळ झाला त्याची आठवण देतात. त्या काळातील कोणाही भाविकाला हे सांगावे लागत नसे. आपला त्या कथांशी संबंध तुटला, म्हणून आपल्याला त्या खुणा गूढ वाटू लागल्या.

सर्वांना कळणाऱ्या खुणेच्या आत चित्रकाराने स्वतःचे काही ठेवल्याचेही दिसते. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमधील ‘अंतिम निवाडा’ हे भित्तिचित्र मायकेलअँजेलोने १५४१ साली पूर्ण केले. त्यात संत बार्थोलोम्यूच्या हातात सोललेली कातडी आहे, कारण त्याला जिवंत सोलून ठार मारले अशी कथा आहे. इतके प्रत्येकाला ठाऊक होते. मात्र त्या लोंबत्या कातडीवरचा वेडावाकडा चेहरा संताचा नसून मायकेलअँजेलोचा स्वतःचा आहे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

राजदरबारांसाठी काढलेल्या रूपकचित्रांची गोष्ट मात्र वेगळी होती. ती सुशिक्षितांनी निवांतपणे उलगडण्यासाठीच असत. ब्रोन्झिनोने १५४५ च्या सुमारास काढलेल्या व्हीनस आणि क्यूपिडच्या चित्रात मागच्या बाजूला एक गोड चेहऱ्याची मुलगी मधाचे पोळे पुढे करते आहे. नीट पाहिले की तिचे खवल्यांचे अंग आणि दुसऱ्या हातात धरलेली शेपटीची नांगी दिसते, आणि त्याहून अधिक वेळ पाहिले तर तिचे दोन्ही पंजे उलट्या हातांना जोडलेले आहेत हे ध्यानात येते. ही फसवणुकीची आकृती आहे, आणि ती कळायला वेळ लागतो यातच तिचा अर्थ आहे. अशा आकृत्या रचण्यासाठी पुढे पुस्तकेही निघाली. चेझारे रिपा यांचा ‘इकोनोलोजिया’ हा ग्रंथ रोममध्ये १५९३ साली प्रसिद्ध झाला, १६०३ मध्ये त्याची सचित्र आवृत्ती आली, आणि सद्गुण, दुर्गुण, कला, ऋतू अशा अमूर्त कल्पनांना कोणते वस्त्र आणि कोणती वस्तू द्यावी हे चित्रकार त्यात पाहू लागले. व्हर्मीरने श्रद्धेचे रूपकचित्र काढताना याच ग्रंथाच्या डच भाषांतराचा आधार घेतला होता.

प्रश्न : यान व्हॅन आइकच्या प्रसिद्ध जोडप्याच्या चित्रातला कुत्रा म्हणजे निष्ठा, एकुलती एक जळती मेणबत्ती म्हणजे ईश्वर, आणि ती स्त्री गर्भवती आहे, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : हे चित्र १४३४ सालचे असून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्रांतील खुणा कशा वाचाव्यात याविषयीचा गेल्या शतकातील सर्वांत मोठा वाद लाकडी फळीवर रंगवलेल्या याच चित्रावरून झाला, त्यामुळे या प्रश्नाला थोडी जास्त जागा देणे योग्य ठरेल.

कला-इतिहासकार एर्विन पॅनोफ्स्की यांनी १९३४ साली एक लेख लिहून असे मांडले की, हे चित्र म्हणजे जोवान्नी आर्नोल्फिनी आणि जोव्हान्ना चेनामी यांच्या विवाहाचा रंगवलेला दाखला आहे. मागच्या भिंतीवरच्या बहिर्गोल आरशात दारातून आत येणाऱ्या दोन व्यक्ती दिसतात, आणि आरशाच्या वर सुबक वळणदार अक्षरांत ‘यान व्हॅन आइक येथे होता, १४३४’ असे लॅटिनमध्ये लिहिले आहे. पॅनोफ्स्कींच्या मते ही साक्षीदाराची सही होती. भर दिवसा जळणारी मेणबत्ती, काढून ठेवलेली लाकडी पादत्राणे, पायाशी असलेला कुत्रा, खुर्चीच्या खांबावर कोरलेली बाळंतिणींची रक्षक संत मार्गारेट, या साऱ्यांना त्यांनी विवाहाच्या पावित्र्याशी जोडले. रोजच्या वापरातील वस्तूंच्या वेषात वावरणारी प्रतीके ही त्यांची कल्पना अभ्यासकांना फार भावली, आणि त्यानंतर अनेक दशके जुन्या चित्रातील चप्पलसुद्धा कोणी साधी चप्पल मानेना.

पुढे जुन्या कागदपत्रांत असे आढळले की, पॅनोफ्स्कींनी गृहीत धरलेल्या त्या दोघांचा विवाह १४४७ साली झाला, म्हणजे चित्रानंतर तेरा वर्षांनी. यान व्हॅन आइक तर १४४१ मध्येच वारला होता. त्यामुळे चित्रातील पुरुष हा त्याच घराण्यातील दुसरा जोवान्नी असावा, असे आता मानले जाते. या दुसऱ्या जोवान्नीची पत्नी कोस्तान्झा त्रेंता १४३३ पर्यंत निवर्तली होती. म्हणून काही अभ्यासक या चित्राकडे मृत पत्नीची स्मृती म्हणून पाहतात, आणि तसे पाहताना ज्या वस्तू पूर्वी विवाहाच्या खुणा ठरल्या होत्या त्याच वेगळे बोलू लागतात. झुंबरातील जळती मेणबत्ती पुरुषाच्या बाजूला आहे, तर स्त्रीच्या बाजूच्या घरात केवळ मेणाचे अवशेष आहेत. आरशाच्या चौकटीत येशूच्या अखेरच्या दिवसांची नखाएवढी दहा चित्रे आहेत, आणि त्यांतील येशू जिवंत असतानाचे प्रसंग पुरुषाच्या बाजूला, तर मृत्यू आणि पुनरुत्थान स्त्रीच्या बाजूला येतात. हे वाचन मला पॅनोफ्स्कींच्या वाचनापेक्षा अधिक पटते, कारण ते वस्तूंच्या नावांवर थांबत नाही, त्या चित्रात कोणत्या जागी आहेत हे पाहते. तरीही कोस्तान्झाचे नाव चित्रावर कोठेही लिहिलेले नाही, हे विसरता येणार नाही.

कुत्र्याबद्दल सांगायचे तर, अवरक्त किरणांच्या साहाय्याने रंगाखालचे रेखाटन तपासले असता कुत्रा मूळ रेखाटनात आढळला नाही. तो रंगकामाच्या ओघात नंतर आला. नंतर सुचलेली गोष्ट अर्थहीन असते असे मुळीच नाही, पण चित्राचा सारा आशय त्या कुत्र्यावर आधीपासून बेतला होता, असे म्हणणे यामुळे अवघड होते. तो निष्ठेचे प्रतीक असू शकतो, कारण थडग्यांवरील कोरीव मूर्तींमध्येही स्त्रियांच्या पायाशी कुत्रा असे. त्याच वेळी तो श्रीमंत घरातील लाडका प्राणीही असू शकतो. खिडकीशी ठेवलेल्या संत्र्यांचेही तसेच आहे. कोणाला त्यांत स्वर्गातील निषिद्ध फळ दिसते, परंतु आजच्या बेल्जियममधील ब्रुजसारख्या उत्तरेकडील शहरात संत्री दुरून येत आणि महाग पडत, आणि इटलीतील लुक्काहून येऊन तेथे व्यापार करणाऱ्या कुटुंबाला ती चित्रात दिसावीत असे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

स्त्री गर्भवती नाही. तिने त्या काळच्या पद्धतीप्रमाणे भरपूर कापडाच्या झग्याचा घोळ उचलून पोटाशी धरला आहे. व्हॅन आइकच्याच १४३७ सालच्या, आता ड्रेस्डेन येथे असलेल्या तीन फळ्यांच्या चित्रात संत कॅथरिनचा बांधाही असाच दिसतो, आणि ती तर कुमारिका संत आहे. एका चित्राबद्दल शंका आली की त्याच चित्रकाराचे दुसरे चित्र उघडून पाहावे. पुष्कळ प्रश्न तेथेच सुटतात.

प्रश्न : होल्बाइनच्या ‘राजदूत’ या चित्रात खाली एक तिरपा, ओळखू न येणारा आकार आहे. ती कवटी आहे म्हणतात. सरळ का काढली नाही?

उत्तर : ती कवटीच आहे, आणि चित्राच्या उजव्या कडेजवळ, भिंतीलगत उभे राहून तिरप्या नजरेने पाहिले की ती सरळ दिसते. हे चित्र १५३३ सालचे असून दोन्ही बाजूंनी दोन मीटरपेक्षा थोडे मोठे आहे. समोर उभे राहिल्यावर फ्रान्सचा लंडनमधील राजदूत जाँ द दँतव्हिल आणि त्याचा बिशप मित्र जॉर्ज द सेल्व्ह जवळजवळ पूर्ण मापात दिसतात. त्यांच्या मधल्या दोन फळ्यांवर आकाशगोल, पृथ्वीगोल, छायायंत्रे, अंकगणिताचे पुस्तक, तंतुवाद्य आणि भजनांची वही मांडलेली आहे. त्या जागेवरून कवटी नुसता डाग वाटते. कवटी नीट दिसू लागते त्या जागेवरून मात्र ती माणसे आणि त्यांची विद्या चेपटून जाते. दोन्ही गोष्टी एकाच जागेवरून एकाच वेळी नीट पाहता येऊ नयेत, अशी ही योजना आहे. कवटी सरळ काढली असती तर ती मेजाजवळ ठेवलेली आणखी एक वस्तू झाली असती. दँतव्हिलच्या टोपीवरील लहानशा पदकातही कवटी आहे, म्हणजे मृत्यूचे स्मरण हे त्याने स्वतःसाठी निवडलेले चिन्ह होते.

डाव्या वरच्या कोपऱ्यात, हिरव्या पडद्याआडून क्रुसावरील येशूची लहानशी मूर्ती अर्धीच दिसते. कवटी आणि क्रूस एकाच चित्रात, एक डोळ्यांसमोर असून न दिसणारी आणि दुसरा अर्धवट झाकलेला, यांचा एकमेकांशी संबंध आहे याविषयी मला शंका वाटत नाही. तंतुवाद्याची एक तार तुटलेली आहे. आल्चातो यांच्या १५३१ सालच्या प्रतीकांच्या पुस्तकात हेच वाद्य राज्यांमधील मैत्रीकरारासाठी वापरले होते, आणि एक तार तुटली तर सारा सूर बिघडतो असे तेथे म्हटले होते. शेजारच्या वहीत रोमच्या चर्चला आव्हान देणाऱ्या मार्टिन लूथरची भजने आहेत. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री त्याच वर्षी रोमपासून दुरावत होता आणि त्या दुराव्याकडे जवळून पाहणे हेच दँतव्हिलचे काम होते. म्हणून तुटलेल्या तारेचा अर्थ येथे भक्कम पायावर उभा आहे. याच्या पलीकडे जाऊन काही अभ्यासकांनी यंत्रांवरील वाचने जुळवून ११ एप्रिल १५३३, म्हणजे त्या वर्षीचा गुड फ्रायडे, ही तारीख काढली आहे. यंत्रांची मांडणी एकमेकांशी सर्वत्र जुळत नाही, त्यामुळे तेथपर्यंत जाण्यास माझे मन धजत नाही.

प्रश्न : कोणती वस्तू म्हणजे कोणता अर्थ, असा कोश पाठ केला तर ही चित्रे वाचता येतील का?

उत्तर : कोश जवळ असावा, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. आरसा घ्या. हातात आरसा आणि साप असलेली स्त्री ही विवेकाची आकृती असते, कारण ती स्वतःला ओळखते. तोच आरसा नटणाऱ्या स्त्रीसमोर असला तर तो गर्वाचा किंवा सौंदर्याच्या क्षणभंगुरतेचा ठरतो, आणि येशूची आई मरिया हिच्या संदर्भात आला तर निष्कलंक पावित्र्याचा. सापाचेही तसेच आहे. विवेकाच्या हातातला साप शहाणपणाचा असतो, तर मरियेच्या पायाखालचा पापाचा.

गोल्डफिंच नावाच्या लहान पक्ष्याची दोन चित्रे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. या पक्ष्याच्या तोंडावर लाल ठिपका असतो. त्याने येशूच्या मस्तकावरील काटेरी मुकुटातला काटा उपसला आणि रक्ताचा थेंब त्याच्यावर उडाला, अशी कथा होती. राफाएलने १५०५-०६ च्या सुमारास काढलेल्या आणि आता फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात असलेल्या चित्रात बालक योहान हा पक्षी बाळ येशूला दाखवतो, आणि येशू त्याला हळूच स्पर्श करतो. खेळणाऱ्या मुलाच्या हातात त्याच्याच पुढच्या यातनांची खूण आहे, आणि मरिया ते पाहते आहे. कारेल फाब्रित्सियसने १६५४ साली हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयातील जे चित्र काढले, त्यातही हाच पक्षी आहे. तेथे तो भिंतीवरच्या खाद्याच्या पेटीवर बारीक साखळीने बांधलेला बसला आहे. त्या काळी लोक हे पक्षी पाळत आणि त्यांना छोट्या भांड्याने पाणी ओढून घ्यायला शिकवत. येथे मरिया नाही, बाळ येशू नाही, काटा नाही. केवळ पक्ष्याची जात तीच आहे म्हणून येथे येशूच्या यातना वाचणे मला चुकीचे वाटते.

प्रश्न : मरियेचा झगा निळाच का असतो? रंगांनाही ठरलेले अर्थ असत का?

उत्तर : निळा हा स्वर्गाचा रंग, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. उत्तम निळा रंग लाजवर्द या दगडापासून बनत असे आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून युरोपात पोहोचत असे. दोमेनिको गिर्लांदायो याच्याशी फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने १४८५ साली पूर्वेकडील राजांनी बाळ येशूला वंदन केल्याच्या चित्राबाबत करार केला, त्यात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (फ्लॉरेन्सचे सोन्याचे नाणे) किमतीचा असावा अशी अट घातली होती. म्हणजे मरियेच्या अंगावरील निळा ही भक्ती होती आणि देणगीदाराने किती खर्च केला याचा पुरावाही होता, आणि त्या काळच्या पाहणाऱ्याला या दोन गोष्टींत विरोध वाटत नसे. पादुआ येथील जोत्तोच्या भित्तिचित्रात येशूला मिठी मारून पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याचा झगा पिवळा आहे, आणि विश्वासघाताशी पिवळ्याचा संबंध पुढेही अनेक ठिकाणी दिसतो. हा नियम मात्र सर्वत्र पाळलेला नाही.

रंगांवरून अर्थ काढताना एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. काही रंग काळाने बदलतात. सतराव्या-अठराव्या शतकांतील डच फुलांच्या चित्रांत निळी पाने दिसतात आणि त्यांना गूढ अर्थ दिलेले मी वाचले आहेत. ती पाने मुळात हिरवीच होती. निळ्यावर दिलेला वनस्पतिजन्य पिवळा रंग प्रकाशाने उडून गेला आणि खालचा निळा उरला.

प्रश्न : सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने ईश्वराभोवती मानवी मेंदूचा आकार लपवला आहे, हे सिद्ध झाले आहे का?

उत्तर : नाही. हा मुद्दा फ्रँक मेशबर्गर या डॉक्टरांनी १९९० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आकारांत साम्य जरूर आहे, आणि मायकेलअँजेलोने शवविच्छेदने केली होती हेही खरे आहे. पण त्याच्या पत्रांत, कवितांत किंवा त्याच्या हयातीतच लिहिल्या गेलेल्या त्याच्या चरित्रांत याचा मागमूस नाही, आणि मेंदूचा असा छेद प्रतीक म्हणून दुसऱ्या कोणी वापरल्याचेही आढळत नाही. ज्या खुणेला ना परंपरा आहे ना लेखी आधार, तिच्याबाबत आपलेच डोळे आकार जुळवत आहेत अशी शक्यता फार मोठी असते.

प्रश्न : डच स्थिरचित्रांमधील, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांमधील, प्रत्येक फूल आणि सोललेले लिंबू हा मृत्यूचा आणि मोहाचा उपदेशच असतो का?

उत्तर : काही चित्रांत तो उघडपणे असतो. हार्मेन स्टेनवाइकच्या १६४० च्या सुमाराच्या चित्रात कवटीवर प्रकाशाची तिरीप पडली आहे, नुकत्याच विझलेल्या दिव्याचा धूर वर जातो आहे, आणि जवळच घड्याळ, दुर्मीळ शंख, जपानी तलवार आणि पुस्तके आहेत. बायबलमधील ‘सर्व व्यर्थ आहे’ या वचनाशी या प्रकारच्या चित्रांचे ‘व्हॅनिटास’ हे नावच जोडलेले आहे, त्यामुळे तेथे शंकेला जागा नाही. पण नुसती रोटी, मासा, काचेचा पेला आणि अर्धे सोललेले लिंबू असेल तर काय म्हणावे, यावर अभ्यासकांत खोल मतभेद झाले. एडी द योंग यांनी त्या काळच्या प्रतीकांच्या पुस्तकांच्या आधारे अशा चित्रांतही बोध शोधला, तर स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ साली असे मांडले की, डच कला मुख्यतः पाहण्याची आणि वर्णन करण्याची कला आहे, आणि तिच्यावर इटालियन पद्धतीचे गूढार्थ लादू नयेत. माझा कल असा आहे की, जेथे चित्रकाराने कवटी किंवा विझलेला दिवा ठेवला आहे तेथे बोध जरूर वाचावा, आणि जेथे ठेवलेला नाही तेथे आधी लिंबाच्या सालीवरचा ओलसर प्रकाश त्याने कसा साधला हे पाहावे.

फुलांच्या चित्रांबाबत तर एक सबळ साक्ष उपलब्ध आहे. थोरला यान ब्र्यूगेल वेगवेगळ्या ऋतूंत उमलणारी फुले एकाच गुच्छात रंगवी, आणि अँटवर्पमध्ये न मिळणारी फुले प्रत्यक्ष पाहून काढण्यासाठी तो ब्रुसेल्सला जाई, हे त्याने मिलानच्या कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांना पत्रातून कळवले होते. कार्डिनल स्वतः धर्मगुरू होते, त्यामुळे कोमेजणाऱ्या फुलांवरून मृत्यूचा उपदेश काढायला त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. त्यांनी मात्र असे लिहून ठेवले आहे की, हिवाळ्यात सारे बर्फाने गोठलेले असताना आपल्याला या रंगवलेल्या फुलांकडे पाहून आनंद होतो, आणि त्यांचा सुगंधही येत असल्याचा भास होतो. ज्याच्यासाठी ही चित्रे काढली गेली त्यानेच सांगितलेला हा अर्थ असल्यामुळे, नंतरच्या कोणत्याही कोशापेक्षा मी त्याला अधिक वजन देतो.